नोकरीचा शेवट : कपात, सेवामुक्ती आणि बडतर्फी

कामगारविषयक कायद्यांचा विस्तार मोठा आहे. वेतन, कामाचे तास, अपघाताची भरपाई, प्रसूतिरजा, भविष्यनिर्वाह निधी अशा अनेक विषयांचा त्यात समावेश होतो. परंतु एखाद्या आस्थापनेतील व्यवस्थापन कायदा जाणते की नाही, याची खरी परीक्षा नोकरी देताना होत नाही. ती नोकरी संपविताना होते. दहा वर्षे इमानाने राबलेल्या माणसाच्या हाती एके दिवशी दोन ओळींचे पत्र पडते. त्याची सेवा यापुढे नको असून त्याने आपला हिशेब घेऊन जावा, एवढाच त्यातील मजकूर असतो. या पत्राने एका कुटुंबाचे उत्पन्न बंद होते. पत्रावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र बहुधा असे वाटते, की नेमण्याचा अधिकार ज्याला आहे त्याला काढण्याचाही आहेच. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

कराराच्या जुन्या कायद्यापुरते पाहिले, तर तो समज फारसा चुकीचा नव्हता. मालक आणि नोकर यांच्यातील करार हा व्यक्तिगत सेवेचा करार. तो मोडला तर फार तर नुकसानभरपाई मागता येई, पण नको असलेल्या नोकराला पुन्हा कामावर घ्या, असे दिवाणी न्यायालय मालकाला सांगत नसे. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा १ एप्रिल १९४७ रोजी अंमलात आला आणि हे चित्र पालटले. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनच्या प्रकरणात १९४९ साली त्या वेळच्या फेडरल कोर्टाने असा निर्णय दिला, की औद्योगिक न्यायाधिकरणाला कामगाराची पुनःस्थापना करण्याचा, म्हणजे त्याला त्याची जागा परत देण्याचा अधिकार आहे. न्यायाधिकरण केवळ जुना करार अंमलात आणीत नाही. औद्योगिक शांततेसाठी आवश्यक वाटल्यास ते नवी कर्तव्ये निर्माण करू शकते. भारतातील सेवासुरक्षेचा पाया या निर्णयात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

हे संरक्षण कोणाला मिळते? कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगाराला. येथे पदनामाला महत्त्व नाही. प्रत्यक्ष कामाला आहे. एखाद्याच्या टेबलावर ‘एक्झिक्युटिव्ह’ अशी पाटी लावली म्हणून तो व्यवस्थापकवर्गात जात नाही. दिवसभर तो नोंदी करीत असेल किंवा यंत्र चालवीत असेल, तर तो कामगारच. पर्यवेक्षकाचे काम करणाऱ्यास मात्र वेतनाची मर्यादा आहे. ती प्रारंभी महिना ५०० रुपये होती, पुढे १,६०० आणि २०१० पासून १०,००० रुपये झाली. औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने ती १८,००० रुपयांवर नेली. ही संहिता इतर तीन कामगार संहितांसह २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आली आणि १९४७ च्या कायद्याची जागा तिने घेतली. तथापि नोकरी संपविण्याबाबतची जुन्या कायद्याची शब्दरचना संहितेत मोठ्या प्रमाणात कायम असल्यामुळे, त्या कायद्याखाली झालेले निर्णय समजून घेतल्यावाचून संहितेचा अर्थ लागत नाही.

मालकाच्या बाजूने नोकरी संपते ती मुख्यतः दोन मार्गांनी. पहिला मार्ग शिक्षेचा : कामगाराने गैरवर्तन केले, चौकशीत ते सिद्ध झाले आणि त्याला बडतर्फ केले. दुसरा मार्ग कपातीचा. यात कामगाराचा काही दोष नसतो. ‘सेवामुक्ती’ हा सौम्य शब्द या दोहोंच्या मध्ये वावरत असतो, आणि बहुतेक तंटे त्याच्या आडोशाला जन्म घेतात.

कपात म्हणजे नेमके काय, हे ठरविण्यास न्यायालयांना सुमारे पस्तीस वर्षे लागली. तो इतिहास बार्शीपासून सुरू होतो. बार्शी लाइट रेल्वे ही खाजगी कंपनीची अरुंद मार्गाची रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ताब्यात घेतली. कंपनीने आपल्या कामगारांना आधीच सेवासमाप्तीच्या नोटिसा दिल्या होत्या. त्यांतील बहुतेकांना सरकारने पुन्हा कामावर घेतले. १९५३ च्या दुरुस्तीने कपातीबद्दल भरपाई देण्याची तरतूद नुकतीच झाली होती. ती आपल्याला लागू आहे असे कामगारांचे म्हणणे पडले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५६ मध्ये ते अमान्य केले. चालू असलेल्या उद्योगात जास्तीचे झालेले कामगार कमी करणे म्हणजे कपात. उद्योगच बंद झाला किंवा मालक बदलला तर ती कपात नव्हे, असा हा निर्णय होता. संसदेने लगेच १९५७ साली कायद्यात नवी कलमे घालून उद्योगाचे हस्तांतर व बंदी या दोन्ही प्रसंगी भरपाईची सोय केली.

परंतु व्याख्येत ‘कोणत्याही कारणास्तव’ असे शब्द होते, आणि ते निमूट बसणारे नव्हते. १९७६ साली स्टेट बँकेच्या एका तात्पुरत्या कर्मचाऱ्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्याच्या नेमणुकीच्या पत्रातच लिहिले होते, की ही नेमणूक नऊ दिवसांची असून त्यानंतर ती आपोआप संपेल. असे तुकडे जोडत त्याची सेवा कायद्याने ठरविलेल्या दिवसांहून अधिक भरली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी असे ठरविले, की सेवा कशीही संपो, शिक्षेखेरीज अन्य कोणत्याही कारणाने ती संपली की ती कपातच. एकाच कागदावर नेमणूक आणि समाप्ती लिहिल्याने कायदा चुकविता येत नाही. हा अर्थ बार्शीच्या निर्णयाशी जुळतो का, यावर पुष्कळ वाद झाला. अखेर १९९० साली घटनापीठाने हा व्यापक अर्थच कायम केला. मधल्या काळात, १९८४ मध्ये, ठरावीक मुदतीचा करार मुदत संपून नूतन न झाल्यास ती कपात नव्हे, असा अपवाद कायद्यात घातला गेला. संहितेनेही निश्चित मुदतीच्या नोकरीला स्पष्ट मान्यता दिली आहे. अशा कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन व सवलती मिळाल्या पाहिजेत, आणि एक वर्षाच्या सेवेनंतर उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटीही. व्यवस्थापनांना हा अपवाद फार सोयीचा वाटतो. वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामासाठी अकरा-अकरा महिन्यांचे करार करीत राहणे मात्र धोक्याचे आहे. करार खरा की देखाव्याचा, हे न्यायाधिकरण पाहू शकते.

‘कायद्याने ठरविलेले दिवस’ असा उल्लेख वर आला, त्याचा खुलासा केला पाहिजे. सेवा संपविल्याच्या दिवसापासून मागे बारा महिने मोजावयाचे. त्या काळात कामगाराने २४० दिवस काम केले असेल, आणि खाणीत जमिनीखालील काम असेल तर १९० दिवस, तर त्याची एक वर्षाची अखंड सेवा झाली असे धरतात. या दिवसांत केवळ हजेरीपटावरील कामाचे दिवस येतात असे नाही. रविवार आणि भरपगारी सुट्ट्या यांचाही हिशेब धरला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले. दोनशे दहा-पंधरा दिवस भरले म्हणून निर्धास्त झालेल्या कित्येक कार्यालयांचे गणित यामुळे चुकते. उलट, २४० दिवस भरले हे सिद्ध करण्याचा पहिला भार कामगारावर आहे, हेही न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. म्हणून वेतनचिठ्ठी, हजेरीकार्ड, ओळखपत्र असे कागद कामगाराने जपून ठेवावेत. नव्या कायद्यांनी नेमणूकपत्र देणे सक्तीचे केले आहे. ज्याला ते मिळाले नसेल त्याने ते मागावे.

एक वर्षाची अखंड सेवा झालेल्या कामगाराची कपात करावयाची, तर एक महिन्याची लेखी नोटीस कारणासह दिली पाहिजे, किंवा नोटिशीऐवजी एक महिन्याचे वेतन. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावयाचे. ही रक्कम केव्हा द्यावयाची, हा प्रश्न मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील वॉर्ड-सेवकांच्या प्रकरणात निघाला. त्यांना कामावरून कमी करताना मुंबई सरकारने भरपाई दिली नव्हती. रुग्णालय हा उद्योग नव्हेच, असा सरकारचा बचाव होता. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि भरपाई देणे ही कपातीची पूर्वअट आहे, ती न पाळल्यास कपातीचा आदेशच निष्प्रभ ठरतो, असे सांगितले. रक्कम पुढच्या महिन्यात धनादेशाने पाठवू, असे म्हणणाऱ्या कार्यालयाने हा निर्णय विसरू नये.

आकडेमोडीचे एक उदाहरण पाहू. एका कामगाराचे वेतन महिना १८,००० रुपये आणि सेवा नऊ वर्षे सात महिन्यांची आहे. सहा महिन्यांहून अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून दहा वर्षे. कपातीच्या भरपाईसाठी पंधरा दिवसांचे वेतन म्हणजे महिन्याचे निम्मे, ९,००० रुपये. दहा वर्षांचे ९०,००० रुपये. उपदानाचा हिशेब वेगळा आहे. तेथे महिना २६ दिवसांचा धरतात, त्यामुळे पंधरा दिवसांचे सुमारे १०,३८५ रुपये आणि दहा वर्षांचे सुमारे १,०३,८४६ रुपये होतात. एकाच कामगाराच्या एकाच हिशेबात ‘पंधरा दिवस’ या शब्दांचे दोन अर्थ व्हावेत हे चमत्कारिक दिसते खरे. परंतु २६ चा भागाकार कपातीच्या भरपाईला लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ठरविले आहे. याखेरीज संहितेने पुनर्कौशल्य निधी निर्माण केला असून, कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या वेतनाच्या दराने पंधरा दिवसांची रक्कम त्यात भरावयाची असते आणि ती पंचेचाळीस दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यावर जमा व्हावयाची असते. राहिलेले वेतन तर सेवा संपल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत चुकते झाले पाहिजे. कामगाराने स्वतः राजीनामा दिला असला तरीही.

कोणाची कपात करावयाची, हेही सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर नाही. त्या त्या वर्गातील जो शेवटी आला तो आधी जातो. हा क्रम मोडावयाचा असेल तर कारणे नोंदवावी लागतात. पुढे जागा निघाल्यास कमी केलेल्यांना प्रथम बोलवावे लागते.

मोठ्या कारखान्यांना, खाणींना व मळ्यांना कपातीपूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागते. १९७६ साली ही अट ३०० कामगारांच्या आस्थापनांना होती. १९८२ च्या दुरुस्तीने मर्यादा १०० वर आणली. राजस्थानने २०१४ साली आपल्यापुरती ती ३०० केली, आणि आता संहितेने संपूर्ण देशाला ३०० हाच आकडा लावला आहे. अर्जावर साठ दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे समजतात. या आकड्यावरून कामगार संघटना व मालक संघटना यांच्यात जुना आणि कडवा वाद आहे. येथे एवढेच नोंदवू, की परवानगीची अट सुटली तरी नोटीस आणि भरपाई यांची अट सुटत नाही. लहान आस्थापनांत हा घोटाळा वारंवार होतो.

आता शिक्षेच्या मार्गाकडे वळू. कामगारावर गैरवर्तनाचा आरोप असेल, तर प्रथम दोषारोपपत्र द्यावे लागते, आणि ते मोघम असून चालत नाही. ‘आपले वर्तन समाधानकारक नाही’ हा आरोप नव्हे. कोणत्या तारखेस, कोठे, कोणते कृत्य घडले, हे त्यात आले पाहिजे. उत्तरासाठी वाजवी वेळ दिल्यानंतर चौकशी होते. ज्याने आरोप केला, किंवा ज्याने घटना डोळ्यांनी पाहिली, त्याने चौकशी अधिकारी होऊ नये. साक्षी कामगाराच्या समक्ष व्हाव्यात, त्याला उलटतपासणी घेता यावी, स्वतःचे साक्षीदार आणता यावेत. निष्कर्षाला कारणे द्यावीत आणि शिक्षा ठरविण्यापूर्वी अहवालाची प्रत कामगाराला द्यावी. ही शेवटची गोष्ट १९९३ च्या घटनापीठाच्या निर्णयाने पक्की झाली. चौकशी चालू असताना निलंबित केलेल्या कामगारास पहिल्या नव्वद दिवसांपुरता वेतनाच्या निम्मा आणि त्यानंतर, विलंब कामगारामुळे झाला नसेल तर, पाऊणपट निर्वाहभत्ता मिळतो. उपाशी माणसाने आपला बचाव करावा, अशी अपेक्षा कायदा करीत नाही.

गैरवर्तनाची यादी आणि चौकशीची रीत स्थायी आदेशांत दिलेली असते. ते आदेश पूर्वी १०० कामगारांच्या आस्थापनांना लागू होते, आता ३०० च्या. याचा अर्थ लहान कारखान्यात चौकशीवाचून बडतर्फ करता येते, असा मुळीच नाही. न्यायाची ही तत्त्वे स्थायी आदेशांहून जुनी आहेत.

चौकशीचा त्रास वाचावा म्हणून काही व्यवस्थापने एक पळवाट शोधतात. आरोप चोरीचा असतो, पण पत्रात चोरीचा उल्लेख न करता ‘विश्वास उरला नाही’ एवढेच लिहून, महिन्याचा पगार देऊन, कामगाराला ‘सेवामुक्त’ केले जाते. पत्राची भाषा निरुपद्रवी असली तरी न्यायालय तिच्या मागे जाऊन पाहते, आणि मुळाशी गैरवर्तनाचा आरोप दिसला, तर ही चौकशीवाचून दिलेली शिक्षाच होय, असे ठरविते. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात कामगाराच्या बाजूने निकाल दिला. दुर्दैव असे, की अनेकदा आरोपात तथ्य असते आणि नीट चौकशी केली असती तर व्यवस्थापन जिंकलेही असते.

शिक्षा योग्य होती की नाही, हेही न्यायाधिकरण पाहू शकते. १९७१ पूर्वी हा अधिकार मर्यादित होता. चौकशी दुष्ट हेतूने झाली किंवा निष्कर्षाला पुरावाच नाही, असे असेल तरच हस्तक्षेप होई. त्या वर्षीच्या दुरुस्तीने न्यायाधिकरणास पुरावा स्वतः तपासण्याचा आणि शिक्षा सौम्य करण्याचा अधिकार दिला. संहितेतही तो कायम आहे.

आदेश बेकायदा ठरल्यावर कामगाराला काय मिळते? जागा आणि मागील संपूर्ण वेतन, हे पूर्वी जवळपास ठरलेलेच होते. अलीकडे तसे राहिलेले नाही. रोजंदारीवरील कामगाराच्या बाबतीत केवळ नोटीस-भरपाईचा दोष असेल, तर पुनःस्थापनेऐवजी एकरकमी भरपाई देण्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा कल २००९ च्या सुमारापासून दिसतो. याउलट महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात २०१३ साली त्याच न्यायालयाने असे म्हटले, की अन्यायाने काढलेल्या व्यक्तीस मागील वेतन मिळणे हा सर्वसाधारण नियम आहे, आणि मधल्या काळात ती अन्यत्र कमावीत होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

दाद मागण्यासाठी कामगार संघटनाच पाहिजे असे नाही. १९६५ पासून एकट्या कामगाराचा असा तंटाही औद्योगिक विवाद मानला जातो. प्रथम समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा आणि समेट न झाल्यास न्यायाधिकरणाकडे जावयाचे. मुदत मात्र आता आखूड झाली आहे. जुन्या कायद्यात न्यायाधिकरणाकडे थेट जाण्यास तीन वर्षे मिळत. संहितेनुसार सेवा संपल्यापासून दोन वर्षांत हालचाल केली पाहिजे.