दहा अंशांचा शिक्का

स्कॉटलंडला स्कापा फ्लोत डायव्हिंगला निघाला असाल, तर भाड्याचा रेग्युलेटर उचलण्याआधी त्यावर काय कोरलंय ते वाचा. मला हे कुणी सांगितलं नाही. ज्याचं ते कामच होतं, तो पैसे मोजण्यात गुंतला होता.

२१ जून १९१९ रोजी ॲडमिरल फॉन रॉयटरच्या हुकमावरून जर्मनांनी आपलंच आरमार इथे बुडवलं. बरीच जहाजं नंतर वर काढून भंगारात गेली. उरलेल्यांतली ‘क्योल्न’ ही क्रूझर कुशीवर पडून आहे, तळ ३६ मीटरवर. मे महिना, कॉम्प्युटरवर पाणी ८ अंश. उभ्या झालेल्या डेकशी पोहोचलो, ड्रायसूटमध्ये हवा भरली, मग सावकाश श्वास घेतला, आणि रेग्युलेटरमधून हवेचा लोट सुटला तो थांबेचना. फ्री-फ्लो! बुडबुड्यांपलीकडे काही दिसेना, दात ठणकायला लागले, गेजचा काटा डोळ्यांदेखत घसरत होता. बडी हाताच्या अंतरावर होता म्हणून निभावलं. त्याच्या ऑक्टोपसवर, शॉट-लाइन धरून, पाच मीटरवरचा थांबा पुरा करून आम्ही वर आलो. घाई कुठेही केली नाही. दोघांच्या कॉम्प्युटरमध्ये तशी नोंद आहे.

खरा धक्का बोटीवर बसला. स्किपरनं फर्स्ट स्टेज उलटी केली आणि काही न बोलता अंगठ्यानं दाखवलं: ‘ईएन २५०’, आणि पुढे बारीक अक्षरांत ‘>१०°’. म्हणजे दहा अंशांहून थंड पाण्यासाठी तो नव्हताच. कुठे आणि कधी जातोय, हे मी दुकानाच्या फॉर्मवर लिहून दिलं होतं!

दुकानदाराचं उत्तर ऐका. “गरम पाण्यात शिकलेले घाबरतात, धापा टाकतात, मग असंच होतं.” तारकर्लीला शिकलो हे खरं, पण पुढे इंग्लंडातल्या खाणींच्या तळ्यांत हिवाळे काढलेत. आणि घाबरलेला माणूस पाच मीटरवर थांबतो का? चोराच्या उलट्या बोंबा! वर ‘आत पाणी शिरलं’ म्हणून डिपॉझिटही दाबलं.

दोनशे बारची हवा एकदम प्रसरण पावली की गोठणबिंदूच्याही खाली थंड होते. थंड पाणी तिला पुरेशी ऊब देऊ शकत नाही. बर्फ धरतो आणि झडप उघडीच अडकते. म्हणून सील केलेली फर्स्ट स्टेजच मागा. सर्व्हिसची तारीख लेखी घ्या. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर दुसरं दुकान गाठा. पर्जचं बटण दाबून धरू नका. सूटमध्ये हवा थोडीथोडी भरा, आणि त्याच क्षणी श्वास ओढू नका. स्वतंत्र रेग्युलेटर लावलेलं पोनी सिलिंडर जवळ असू द्या. बडीवर सगळा भार टाकणं बरोबर नाही. विमा काढा, पुरती झोप घ्या, आदल्या रात्री दारू नको.

आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा. माझ्याकडे तो होता, म्हणून भांडून अर्धं डिपॉझिट तरी सुटलं. माफी मात्र त्यानं अजून मागितलेली नाही.