डिजॉक्सिन : जुने औषध, बारीक नजर

विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली डिजिटॅलिसवर ग्रंथ लिहिला, तेव्हाच मळमळ, वांती, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणे आणि मंदावलेली नाडी या विषबाधेच्या खुणा नोंदवून ठेवल्या होत्या. त्यांतील पिवळे दिसणे तेवढे आपण पाठ केले. प्रत्यक्षात ते क्वचितच आढळते. आधी मरते ती भूक.

आमच्या बेळगावात खानापूर-चंदगडकडून येणाऱ्या वृद्ध रुग्णाची सून सांगते, “मामंजी ताटच सरकवून देतात.” लगेच पित्ताची गोळी लिहिली जाते. मी मात्र प्रथम जुन्या चिठ्ठ्या मागतो. तीत डिजॉक्सिन आणि फ्युरोसेमाइड एकत्र असतील, तर पोटाकडे वळण्याआधी ई.सी.जी., पोटॅशियम व क्रिएटिनिन पाहणे इष्ट. पेशीच्या सोडियम-पोटॅशियम पंपावर डिजॉक्सिन व पोटॅशियम यांची स्पर्धा असते. लघवीवाटे पोटॅशियम निघून गेले, की औषधाची पातळी ‘नॉर्मल’ असतानाही विषबाधा संभवते.

दुसरा मुद्दा मूत्रपिंडाचा. निरोगी माणसात डिजॉक्सिनचा अर्धायुकाल ३६ ते ४८ तास. मूत्रपिंडे निकामी झाल्यास तो साडेतीन ते पाच दिवसांवर जातो. म्हणूनच आठवड्यातून पाच दिवस गोळी आणि दोन दिवस सुटी ही आपल्याकडील रूढी मला पटत नाही. पातळी उगाच वरखाली होते, शिवाय रुग्णाला वार आठवत नाहीत ते वेगळेच! वृद्धांना रोज ०.१२५ मि.ग्रॅ., आणि गरजेनुसार त्याहूनही कमी, हे अधिक सरळ. अमिओडॅरोन सुरू करताना मात्रा निम्मी करावी. व्हेरापामिल व क्लॅरिथ्रोमायसिननेही पातळी वाढते, आणि खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिणाऱ्याला डिजॉक्सिनची वार्ता नसते.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिग’ चाचणीत ६,८०० रुग्णांमध्ये मृत्युदर घटला नाही, रुग्णालयात दाखल होणे मात्र घटले. हृदयनिकामीपणात ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम प्रति मि.लि. एवढी पातळी पुरे. रक्त शेवटच्या गोळीनंतर किमान सहा तासांनी घ्यावे, अन्यथा आकडा फसवा येतो.

ई.सी.जी.तील एस.टी.चा खोलगट झोळ हा औषध घेतल्याचा पुरावा, विषबाधेचा नव्हे. याउलट, एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णाची अनियमित नाडी एकाएकी संथ आणि नियमित झाली, तर समाधान मानू नये. तो बहुधा संपूर्ण हार्ट ब्लॉक असतो. विषबाधेवरील प्रतिपिंडे आपल्याकडे सहजी मिळत नाहीत. तेव्हा गोळी तत्काळ थांबवून रुग्णाला मॉनिटरवर घ्यावे.