पाच मिलिमीटर उंचीचा कठडा

विज्ञान प्रदर्शनात मांडलेली जहाजाची प्रतिकृती तुम्ही पाहिली असेल. दुरून ती फार छान दिसते; जवळ गेलो की मात्र काहीतरी खटकते. जहाजाची लांबीरुंदी बरोबर असते, धुराडे जागच्या जागी असते, रंगही चोख असतो. तरी ते जहाज न वाटता खेळणे वाटते. असे का व्हावे?

पुष्कळदा दोष असतो तो डेकच्या कडेने लावलेल्या कठड्याचा. जहाज शंभर मीटर लांब असो की तीनशे मीटर, त्याचा कठडा माणसाच्या कमरेच्या जरासा वरच येणार. म्हणजे कठडा ही माणसाच्या मापाची वस्तू आहे. आपला डोळा नकळत त्याच्याशी ताडून साऱ्या जहाजाचे माप घेत असतो. कठडा जाड झाला, की जहाज लगेच लहान दिसू लागते.

एक खरे जहाज घेऊ. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'आयएनएस निलगिरी' ही फ्रिगेट १९६८ साली पाण्यात उतरली आणि १९७२ साली नौदलात दाखल झाली. (याच नावाची नवी, बरीच मोठी नौका २०२५ साली नौदलात आली. आपण बोलतो आहोत ती पहिली, १९९६ साली निवृत्त झालेली.) तिची लांबी सुमारे ११३ मीटर. १ : २०० या प्रमाणात तिची प्रतिकृती साडेछप्पन सेंटिमीटरची होईल, अभ्यासाच्या टेबलावर सहज मावेल.

आता कठडा. व्यापारी जहाजांसाठी १९६६ साली भाररेषांविषयी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात कठड्याचीही मापे आहेत. उंची निदान १ मीटर हवी. सर्वांत खालच्या फटीची उंची २३ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे घसरून पडलेला माणूस तिच्यातून बाहेर जाणार नाही. वरच्या फटी ३८ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या नकोत. २३, ३८ आणि ३८ यांची बेरीज करून पाहा : ९९! मीटरभर उंचीला तीन आडव्या ओळी का लागतात, ते आपोआप कळले. हा करार युद्धनौकांना लागू नाही, पण खलाशी तिथेही माणूसच असतो. तेव्हा सरावासाठी हीच मापे धरायला हरकत नाही. पुढे निलगिरीची छायाचित्रे पाहून ओळींची संख्या पक्की करा.

दोनशेने भागले की कठड्याची उंची होते ५ मिलिमीटर. दीड मीटरवर एक खांब धरला, तर दोन खांबांत साडेसात मिलिमीटर अंतर. आणि खांबाची जाडी? चार सेंटिमीटर जाडीचा नळ प्रतिकृतीत ०.२ मिलिमीटरचा होतो. टाचणीसुद्धा याच्या तिप्पट जाड असते! टाचण्यांचे खांब लावले, तर प्रत्यक्षात ते बारा सेंटिमीटर जाडीचे ठरतील.

इतकी बारीक तार कुठे मिळेल? घरातच. टेबललॅम्पच्या जुन्या वायरीचे प्लॅस्टिक सोला. विजेच्या दुकानात 'तेवीस-छत्तीस' म्हणून जी वायर मागतात, तिच्यात छत्तीस गेजच्या तेवीस तारा असतात आणि प्रत्येकीची जाडी ०.१९३ मिलिमीटर असते. आपल्याला हवी तशीच! हाताशी दुसरी कुठली तार असेल, तर ती पेन्सिलीवर अगदी चिकटून वीस वेढे गुंडाळा, वेढ्यांची एकूण रुंदी पट्टीने मोजा आणि वीसने भागा. वीस वेढे ४ मिलिमीटर भरले, तर तार ०.२ मिलिमीटरची. आडव्या ओळींना खरे तर याहून बारीक तार हवी, पण पहिल्या खेपेला सगळीकडे छत्तीस गेजच वापरा. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधली बारीक तार मोहात पाडते, परंतु तिच्यावर इनॅमलचा लेप असतो. तो खरवडताना निम्म्या तारा तुटतात.

वायरीतून काढलेली तार नागमोडी असते. ती बोटांनी सरळ करू नका. कधीच होत नाही. हातभर तार घ्या, एक टोक व्हाइसमध्ये आणि दुसरे पकडीत धरून हळूहळू ओढा. एका क्षणी तार किंचित 'सुटल्यासारखी' वाटेल. थांबा! ती सुमारे सेंटिमीटरभर लांबली आहे. तांब्याच्या स्फटिकांमधले थर एकमेकांवरून सरकले आणि तसे सरकताना ते आपसांत अडकलेही. म्हणून तार सरळ तर झालीच, शिवाय आधीपेक्षा ताठ झाली.

आता साचा. दोन मिलिमीटर अंतरावर तीन तारा समांतर ताणायच्या. इतक्या जवळ खिळे ठोकता येत नाहीत. इथे एक युक्ती आहे. १६ मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टच्या आट्यांतील अंतर बरोबर २ मिलिमीटर असते. (दुकानातच पट्टी लावून पाहा, दहा आटे वीस मिलिमीटर भरले पाहिजेत.) फळीवर १५ मिलिमीटर जाडीची आणि १८ सेंटिमीटर लांबीची लाकडी पट्टी बसवा आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक बोल्ट आडवा पक्का करा. तार आट्याच्या खोबणीत थोडी खाली बसते, म्हणून पट्टी बोल्टपेक्षा किंचित कमी जाड घ्यायची. पट्टीवर आलेखाचा कागद चिकटवा. त्यावर साडेसात मिलिमीटरवर एक असे तीन सेंटिमीटर लांबीचे एकवीस खांब ठेवा आणि त्यांची टोके चिकटपट्टीने दाबून टाका. मग शेजारशेजारच्या तीन खोबणींतून तीन तारा ताणून बोल्टांपलीकडच्या खिळ्यांना गुंडाळा. पंधरा सेंटिमीटरचा कठडा तयार आहे. फक्त त्रेसष्ट सांधे जोडायचे आहेत.

माझा पहिला कठडा इथेच बिघडला. सांधे पक्के व्हावेत म्हणून मी प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा टपोरा थेंब ठेवला. थेंब एक मिलिमीटरचाच होता. पण दोनशेने गुणल्यावर काय दिसले? कठड्यावर प्रत्येक जोडाला जवळजवळ फुटबॉलएवढा गोळा! तो कठडा मी आजही ठेवला आहे, पण जहाजावर नाही.

सांध्याला सोल्डर किती पुरते, ते द्रवाच्या पृष्ठताणावरून कळते. वितळलेले सोल्डर स्वच्छ तांब्याला ओले करते आणि दोन तारांमधल्या चिंचोळ्या कोपऱ्यात आपणहून खेचले जाते. इतक्या लहान थेंबावर गुरुत्वाकर्षणाचा जोर नगण्य असतो, पृष्ठताणाचे राज्य असते. मात्र तांब्यावर ऑक्साइडचा पापुद्रा असेल, तर सोल्डर पसरत नाही. गोळी होऊन बसते. म्हणून तारा आधी बारीक पॉलिश पेपरने पुसा आणि प्रत्येक सांध्यावर सुईच्या टोकाने राळेची पेस्ट लावा. गरम राळ तो पापुद्रा विरघळवते. नळकामातला आम्लाचा फ्लक्स वापरू नका, काही महिन्यांनी तारा हिरव्या पडतात.

नेहमीच्या २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नचे टोक या कामाला फारच जाड. त्याच्यावर जाड तांब्याची तार घट्ट गुंडाळून तिचे एक टोक सेंटिमीटरभर पुढे काढा. या टोकाला सोल्डरचा नुसता ओलावा लावा, सांध्याला टेकवा आणि लगेच उचला. कथिल आणि शिसे ६० : ४० या प्रमाणात असलेले सोल्डर १८३ ते १९० अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळते. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक असल्याने दोन मिलिमीटरवरचा शेजारचा सांधाही पुन्हा वितळू शकतो. वितळू द्या. तारा साच्यात ताणलेल्या आहेत, जागच्या हलणार नाहीत. साच्याची खरी गरज यासाठीच असते.

हे काम उघड्या खिडकीजवळ, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करा. शिसे विषारी आहे. काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

दुकानात तयार कठडेही मिळतात. पितळेच्या किंवा पोलादाच्या पातळ पत्र्यावर प्रकाशसंवेदी लेप देऊन नको तो भाग रसायनाने कोरून काढतात; रेडिओतील छापील सर्किटचा पत्रा कोरतात तसाच. ते फार नीटस असतात, पण त्यांचे खांब चपटे असतात. प्रकाश बाजूने पडला, की गोल तारेचा कठडा वेगळा ओळखू येतो. मला तरी तारेचाच आवडतो.

सांधे थंड झाल्यावर राळ स्पिरिटने पुसा. खांबांची वरची टोके तारेलगत कापा. खाली मात्र सर्वांत खालच्या तारेपासून ४ मिलिमीटर ठेवा : एक मिलिमीटर फटीसाठी आणि तीन डेकमध्ये रोवण्यासाठी. रंग पातळ करूनच लावा. घट्ट रंगाचा पडदा दोन तारांमध्ये साबणाच्या फुग्यासारखा ताणून बसतो, इथेही पृष्ठताणच! डेकवर भोके पाडण्यासाठी साच्यावरच्या कागदाचीच दुसरी पट्टी कापून घ्या आणि तिच्या खुणांवर बारीक सुई टोचा. नाळेकडे डेकची कड वळते, तिथला कठडा आधी बाटलीवर हलकेच वळवून घ्या आणि मगच रोवा. मधला खांब प्रथम, त्यानंतर दोन्ही बाजूंना एकेक. एका टोकापासून सुरुवात केली, तर शेवटचा खांब भोकात कधीच जात नाही.