कुरणावरची शाळा

आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील अनेक आदिवासी मुलांना गुरे राखावी लागत. ती शाळेत येणार कशी? तेव्हा शाळाच कुरणावर गेली! खडे, बिया, पाने हीच तिची साधने झाली. मुले ती स्वतः वेचीत, मोजीत, निरखीत. त्यामुळे शिक्षकाचे कामही पालटले. धडा घोकून घेणे मागे पडले. मुलांच्या हाती वस्तू द्यावी, प्रश्न विचारावा आणि उत्तर त्यांनाच शोधू द्यावे, हे त्याचे कर्तव्य ठरले. गुरे चरत असत आणि गुराखी शिकत असत.