थंडीच्या दिवसांतील प्रवाळांची पाठवणी

चि. अनिकेत यास काकाचे अनेक आशीर्वाद.

ओहायो राज्यातील कोलंबस येथे राहत्या घराच्या तळघरात प्रवाळांची जोपासना करून त्यांचे लहान तुकडे, ज्यांना त्या व्यवसायात फ्रॅग म्हणतात, अमेरिकेतील इतर शहरांमधल्या शौकिनांना विकण्याचा उद्योग चिरंजिवाने आरंभिला असून, ऑक्टोबर उजाडताच प्रत्येक खोक्यात ऊब देणारे दोन-दोन हीट पॅक घालण्याचा त्याचा बेत असल्याचे त्याच्या पत्रावरून समजते. बेत काळजीपोटी केलेला असला तरी तो फेरविचार करण्याजोगा आहे. कारण हिवाळा ऐन भरात येण्यापूर्वीच्या बेताच्या थंडीत प्रवाळांना गारठ्यापेक्षा अनाठायी उबेचे भय अधिक असते.

याचे कारण प्रवाळाच्या शरीरधर्मात आहे. प्रवाळ हा प्राणी असून त्याच्या वसाहतीतील प्रत्येक लहान जीवाला पॉलिप म्हणतात, आणि या पॉलिपांच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवाले राहून प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात व त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात. ही भागीदारी तापमानाच्या बाबतीत फार नाजूक असते, पण ती दोन्ही बाजूंनी सारखी नाजूक नसते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. उष्ण कटिबंधातील प्रवाळ आपल्या सहनशक्तीच्या वरच्या टोकाजवळच जगत असतात. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी केवळ एखाद्या अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले तरी शैवाले बाहेर पडून प्रवाळ पांढरे पडू लागतात, ज्याला विरंजन म्हणतात. खालच्या बाजूला मात्र सवड मोठी असते. टाकीतील पाणी २५ किंवा २६ अंश सेल्सिअस धरले, तर चार-पाच अंशांची वाढ संकटाची ठरते, तर तेवढीच घट एका रात्रीपुरती बहुतेक जाती सोसतात, किंबहुना चयापचय मंदावल्यामुळे पिशवीतला प्राणवायू त्यांना अधिक काळ पुरतो.

थंडी निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नव्हे. जानेवारी २०१० मध्ये फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाकडील द्वीपमालेत शीतलहर येऊन उथळ पाण्याचे तापमान अनेक ठिकाणी १६ अंशांच्या खाली, तर किनाऱ्यालगत काही ठिकाणी १२ अंशांच्याही खाली गेले आणि तेथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले. परंतु त्या प्रवाळांना गार पाण्यात दिवसचे दिवस काढावे लागले होते, हे विसरता कामा नये. खोक्यातील प्रवाळाला एक रात्र आणि पुढची सकाळ काढायची असते, म्हणून पिशवीतले पाणी सुमारे २० अंशांच्या खाली जाऊ न देणे एवढे उद्दिष्ट ठेवले तरी पुरेसे आहे. ते टाकीइतकेच उबदार राहिले पाहिजे, हा हट्ट नसावा.

हे उद्दिष्ट मुख्यतः थर्मोकोलच्या अस्तराने साधते. दुलई स्वतः ऊब निर्माण करीत नाही, अंगची ऊब तेवढी धरून ठेवते, तसेच थर्मोकोलचे आहे. म्हणून आत धरून ठेवण्याजोगी ऊब असावी लागते, आणि ती पाण्यात असते. एक लिटर पाणी एका अंशाने थंड होताना सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता सोडते, म्हणजे पाणी जितके अधिक तितके खोके सावकाश निवते. वीस फ्रॅगांचे भरगच्च खोके ज्या थंडीत निर्धास्त जाते, त्याच थंडीत दोन फ्रॅगांचे खोके लवकर गारठते, कारण त्यात पाणी कमी आणि त्या मानाने बाहेरची पृष्ठे जास्त असतात. तेव्हा लहान मागणीसाठी अस्तर अधिक जाड घ्यावे, सगळे सांधे चिकटपट्टीने बंद करावेत आणि रिकाम्या जागेत चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद दाबून भरावा, म्हणजे आत हवा खेळत नाही. वजनामागे कुरिअरचे शुल्क वाढते म्हणून पाण्यात काटकसर करण्याचा मोह होतो. तो खोटा हिशेब आहे.

हीट पॅकमध्ये लोखंडाची भुकटी, मीठ, कोळशाची पूड इत्यादी द्रव्ये असतात आणि हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन लोखंड गंजते, त्या क्रियेची उष्णता बाहेर पडते. म्हणून त्याला हवा लागते: पूर्ण बंद खोक्यात तो मध्येच विझतो, आणि भोके मोठी ठेवली तर बाहेरचा गारवा आत येतो, म्हणून पॅक घालायचा असेल तेव्हा भोके ठेवावीत, पण लहानच. हातांसाठी विकले जाणारे पॅक लवकर व तीव्र तापतात, ते या कामाचे नाहीत. जिवंत मालासाठी सावकाश तापणारे, ४० किंवा ७२ तास चालणारे पॅक वेगळे मिळतात. मार्गावरचे रात्रीचे किमान तापमान दहा-बारा अंशांच्या वर असेल तर पॅक मुळीच घालू नये. त्याखाली ४० तासांचा एकच पॅक, तासभर आधी उघडून तो खरोखर तापतो आहे अशी खात्री करून, कागदात गुंडाळून झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावा आणि त्याच्या व पिशव्यांच्या मध्ये कागदाचा जाड थर ठेवावा. पिशवीला टेकलेला पॅक त्या एका पिशवीतले पाणी तापवतो, आणि खोक्याचे सरासरी तापमान योग्य असूनही त्यातला फ्रॅग मरतो.

पिशवीबद्दल थोडेच सांगणे पुरे. कठीण सांगाड्याच्या टोकांनी पिशवी फाटते, म्हणून दुहेरी पिशवी वापरावी, आणि पाणी फ्रॅग पूर्ण बुडेल इतके घेऊन उरलेली जागा हवेसाठी सोडावी. पाठवणीपूर्वी एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवावे. नुकताच कापलेला तुकडा जखम भरून येईपर्यंत, म्हणजे निदान आठवडाभर, घरीच राहू द्यावा. झेनियासारखे मऊ प्रवाळ प्रवासात पाणी फार लवकर नासवतात; त्यांची विक्री स्थानिक गिऱ्हाइकांपुरती ठेवणेच शहाणपणाचे.

मार्गाचा विचार मात्र सविस्तर करावा लागतो. कोलंबसचे आणि गिऱ्हाइकाच्या गावचे हवामान पाहून भागत नाही, कारण पार्सल बहुधा आधी टेनेसीतील मेम्फिस किंवा केंटकीतील लुईव्हिल येथील मोठ्या विमान-केंद्रावर उतरते आणि तेथून पुढे जाते. फेब्रुवारी २०२१ मध्ये हिमवादळाने मेम्फिसचे कामकाज विस्कळीत झाले, तेव्हा जेथे ऊन पडले होते अशा गावांतली पार्सलेही अडली. यास्तव तिन्ही ठिकाणांचा अंदाज पाहावा, पाठवणी सोमवार ते बुधवार या दिवसांतच करावी, जेणेकरून एका दिवसाचा विलंब झाला तरी माल शनिवार-रविवारच्या सुट्टीत अडकणार नाही, आणि पार्सल गिऱ्हाइकाच्या ओट्यावर सोडण्याऐवजी कुरिअरच्या कार्यालयात ठेवून घेण्याची सोय निवडावी. पारा गोठणबिंदूखाली जाणार असेल तर पाठवणी पुढे ढकलावी. गिऱ्हाइकाची नाराजी मेलेल्या प्रवाळापेक्षा स्वस्त पडते.

खोके उघडण्याची रीत गिऱ्हाइकाला लिहून कळवावी. प्रवासात पिशवीत कर्बवायू साठून पाण्याची आम्लता वाढते आणि अमोनिया, जो प्रवाळांकडून माशांच्या मानाने कमीच सुटतो, त्यामुळे निरुपद्रवी अमोनियम रूपात राहतो. पिशवी उघडताच कर्बवायू निघून जातो, आम्लता घटते आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. म्हणून बंद पिशवी टाकीत पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून तापमान जुळवावे आणि उघडल्यावर तासन्‌तास थेंब थेंब पाणी घालीत न बसता, कीड काढणाऱ्या द्रावणात बुचकळून फ्रॅग लगेच टाकीत न्यावा, पिशवीतले पाणी मात्र टाकीत ओतू नये. गारठून आलेल्या फ्रॅगला गरम पाण्याने शेकण्याची घाई तर कुणीच करू नये. उघडण्यापूर्वी पिशवीतील पाण्याचे तापमान कळविण्याची विनंती गिऱ्हाइकाला करावी. अशा दहा-बारा नोंदी जमल्या की कोणत्या गावाला पॅक लागतो, हे चिरंजिवास वहीवरूनच सांगता येईल.

आणखी एक. पुण्याच्या भावंडासाठी येताना दोन फ्रॅग आणण्याचा उल्लेख पत्रात आहे, तो विचार सोडून द्यावा. भारतात खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून, वन्य प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारानुसार त्यांना अमेरिकेबाहेर नेण्यासही परवाना लागतो. पुण्याच्या टाकीसाठी मासे तेथेच मिळतील.

कळावे, हे आशीर्वाद.