जुन्या गाडीचा विमा : आधी किंमत ठरवा, मग हप्ता बघा

निपाणी-बेळगाव पट्ट्यात जुन्या गाड्या अजून जपल्या जातात. कुणाच्या वाड्यात ताडपत्रीखाली अ‍ॅम्बेसिडर असते, कुणाच्या मळ्यातल्या शेडमध्ये जीप, तर कुणी आजोबांची फियाट पत्रा काम करून पुन्हा रस्त्यावर आणलेली असते. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर सुटा भाग घडवून देणारे कारागीर आहेत आणि कोल्हापूरचा बाजार जवळ आहे, म्हणून मालक हौसेने खर्चही करतात. विम्याची वेळ आली की मात्र सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतली जाते आणि गाडी सुरक्षित झाली असे मानले जाते. ही समजूत घातक आहे. नव्या गाडीची किंमत तक्त्यावरून निघते, जुन्या गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. ती नीट ठरवली नाही तर बाकी सारी पॉलिसी कागदापुरती राहते.

हाताशी ठेवायचे कागद

आरसी बुक, आधीची पॉलिसी, मालकाचा वाहन परवाना आणि पत्त्याचा पुरावा, इंजिन व चासी क्रमांकाचे स्पष्ट फोटो, चारही बाजूंनी व आतून काढलेले गाडीचे फोटो, डेंटिंग-पेंटिंग, इंजिनकाम व सुट्या भागांची बिले, आणि असल्यास व्हिंटेज क्लबचे प्रमाणपत्र.

१. गाडी कोणत्या वर्गात बसते ते पाहा

केंद्राच्या जुलै २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, खासगी वापराची, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो.

अर्जाची घाई करू नका. या नोंदणीची गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. आठवड्याच्या बाजाराला अ‍ॅम्बेसिडर नेणाऱ्याने साधी खासगी नोंदणीच नूतन करत राहावी. १९८३ नंतरची मारुती ८०० किंवा कॉन्टेसा कितीही देखणी राखली असली, तरी ५० वर्षे भरेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने ती फक्त जुनी गाडी आहे.

२. सीमेवरची कागदपत्रे सरळ करा

बेळगावची नोंदणी केए-२२, निपाणीसह चिक्कोडी विभागाची केए-२३ आणि कोल्हापूरची एमएच-०९. आपल्याकडे लग्नकार्याने, वाटणीने, खरेदीने गाड्या या तिन्हींमध्ये फिरत असतात. शिवाय १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्यामुळे त्याआधीच्या गाड्यांची मूळ नोंद मुंबई राज्याच्या काळातली असते. आरसीवर आजोबांचे नाव, कोल्हापूरचा पत्ता, गाडी निपाणीत आणि हप्ता भरणारा नातू, अशी गुंतागुंत असेल तर ती विम्याच्या आधी सोडवा.

मोटर वाहन कायद्याप्रमाणे पत्ता बदलला तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर मूळ आरटीओचे ना-हरकत पत्र घेऊन नवा क्रमांक घ्यावा लागतो. गाडी विकत घेतली असेल तर थर्ड पार्टी संरक्षण आपोआप तुमच्याकडे येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीला अर्ज करा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो.

अनेक जीपमध्ये आणि अ‍ॅम्बेसिडरमध्ये मागाहून डिझेल इंजिन बसवलेले असते, काहींत गॅस किट असते. हा बदल आरसीवर चढवून घ्या आणि कंपनीला कळवा. इंजिनावरचा क्रमांक आरसीशी जुळला नाही तर क्लेमच्या पहिल्याच दिवशी अडचण उभी राहते.

३. वापर कागदावर लिहून काढा

पुढची सारी निवड यावर ठरते. वर्षाला साधारण किती किलोमीटर, कोण चालवणार, पगारी ड्रायव्हर आहे का, रात्री गाडी कुठे उभी असते, पावसाळ्यात बाहेर निघते का, रॅलीला जाते का, हे लिहा. एक प्रश्न विशेष प्रामाणिकपणे सोडवा : गाडी वरातीला किंवा चित्रीकरणाला पैसे घेऊन देता का? खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो. नात्यातल्या लग्नात नवरा-नवरीला फुकट बसवणे वेगळे आणि पैसे घेऊन वरात काढणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात अपघात झाला तर कंपनी हात वर करू शकते.

४. पॉलिसीचा प्रकार निवडा

*फक्त थर्ड पार्टी.* सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला ही सक्तीची आहे. नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमच्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान होते ते यातून भरले जाते, तुमच्या गाडीला एक पैसा मिळत नाही. जून २०२२पासून लागू झालेल्या दरात १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये, शिवाय जीएसटी. १०८९ सीसीची पद्मिनी आणि १४८९ सीसीची अ‍ॅम्बेसिडर पहिल्या गटात येतात. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी कारला या हप्त्यात ५० टक्के सूट आहे, ती मागून घ्या.

*थर्ड पार्टी अधिक आग व चोरी.* गाडी क्वचित बाहेर निघते, पण गोठ्याशेजारच्या किंवा गोदामाच्या शेडमध्ये उभी असते, अशांसाठी हा मधला मार्ग. सगळ्या कंपन्या देतात असे नाही, शाखेत विचारा.

*पॅकेज पॉलिसी.* अपघात, आग, चोरी, पूर, वादळ, दरड, दंगल, संप, खोडसाळ नुकसान आणि ट्रकवरून वाहतूक होताना झालेले नुकसान एवढे सारे यात येते. सीमाभागाला यातल्या दोन गोष्टी जवळच्या आहेत. २०१९ आणि २०२१च्या पावसाळ्यात यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले होते, आणि बंद-आंदोलनात गाड्यांवर दगड पडतात हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. यातले कोणतेही नुकसान थर्ड पार्टीतून भरून येत नाही. ज्या गाडीवर तुम्ही लाखभर खर्च केला आहे तिला पॅकेजच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडी उघडून महिनोन्‌महिने गॅरेजात पडणार असेल तर ती ‘लेड-अप’ म्हणून कळवण्याची सोय मोटर पॉलिसीत आहे. त्या काळात आग-चोरीचे संरक्षण चालू ठेवता येते. गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याआधी पूर्ण संरक्षण सुरू झाल्याचे लेखी घ्या.

५. किंमत ठरवा : ही पायरी सोडू नका

पॉलिसीवर आयडीव्ही नावाचा आकडा असतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर तेवढीच रक्कम मिळते. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची आयडीव्ही घसाऱ्याच्या तक्त्याने निघते. त्यापुढच्या आणि उत्पादन बंद झालेल्या गाडीची आयडीव्ही मालक व कंपनी यांच्या संमतीने ठरते. म्हणजे बोलायचा हक्क तुम्हाला आहे. एजंटाने गेल्या वर्षीचाच आकडा पुढे ओढला तर तो मान्य करायलाच हवा असे नाही.

समजा, पद्मिनीवर तीन लाख खर्च झाले आणि पॉलिसीवर आयडीव्ही ४०,००० आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण निकामी धरली जाते. इथे ती मर्यादा ३०,००० होते. बॉनेट, मडगार्ड आणि रेडिएटर गेला तरी ती ओलांडली जाईल, आणि दुरुस्त होण्याजोगी गाडी हिशेबात भंगार ठरेल.

म्हणून असे करा. सरकारमान्य सर्व्हेअर किंवा व्हॅल्युअरकडून मूल्यांकन अहवाल घ्या. त्याला बिले, फोटो आणि तशाच गाड्यांच्या विक्रीचे पुरावे जोडा. हे सारे पत्रासोबत शाखेत देऊन पोच घ्या. जुन्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे मोटर विम्याच्या जुन्या दर-नियमावलीत, ठरीव रकमेची, म्हणजे अ‍ॅग्रीड व्हॅल्यूची पॉलिसी फक्त व्हिंटेज कारला देता येत असे, आणि तिथे व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४०पूर्वी बनलेली, व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडी. २०२१च्या नियमातली व्हिंटेज ५० वर्षांची. त्यामुळे कंपनीला दोन प्रश्न लेखी विचारा : तुम्ही व्हिंटेजची कोणती व्याख्या धरता, आणि पूर्ण नुकसानीत ठरलेली रक्कम कपात न करता देता का?

आयडीव्ही उगाच फुगवूही नका. हप्ता वाढेल, आणि क्लेमच्या वेळी पुराव्यावाचून तो आकडा टिकवणे जड जाईल.

६. दुरुस्तीत किती कापले जाईल ते आधी समजून घ्या

दहा वर्षांवरील गाडीच्या पत्र्याच्या, धातूच्या व लाकडी भागांवर पॅकेज पॉलिसीत ५० टक्के घसारा कापतात. रबर, प्लॅस्टिक, टायर, ट्यूब आणि बॅटरी यांवरही ५० टक्के, फायबरवर ३० टक्के, काचेवर काही नाही. रंगाच्या सामानावर ५० टक्के कपात होते, मजुरीवर नाही. म्हणून बिलात मजुरी आणि सामान वेगवेगळे लिहून घ्या. जुन्या गाडीच्या कामात कारागिराची मजुरीच मोठी असते आणि ती दिसली पाहिजे. घसारा माफ करणारे झिरो डेप सहसा नव्या गाड्यांनाच मिळते. या वयाच्या गाडीला ते मिळेल असे धरून चालू नका.

७. गरजेचीच जोड घ्या

- मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. आधीच असेल तर पुन्हा घेऊ नका.
- पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्याबाबतची कायदेशीर जबाबदारी.
- सोबत बसणाऱ्यांचा अपघात विमा. जुन्या गाड्यांत सीटबेल्ट नसतात, त्यामुळे हा विचार टाळू नका.
- रॅलीला जाणार असाल तर रॅलीची वेगळी नोंद. शर्यत आणि वेगाच्या चाचण्या साध्या पॉलिसीत वगळलेल्या असतात.
- मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनचे सभासद असाल किंवा चोरीरोधक यंत्र बसवले असेल तर सूट मागा.

८. तीन कोटेशन घ्या आणि फॉर्म स्वतः वाचा

निदान एका सरकारी कंपनीच्या शाखेसह तीन ठिकाणी विचारा. ऑनलाइन यादीत लँडमास्टर किंवा हेराल्ड सापडली नाही तर जवळचे दुसरे मॉडेल निवडू नका, सरळ शाखेत जा. तिन्ही कोटेशनमध्ये आयडीव्ही एकच ठेवा, नाहीतर हप्त्याची तुलना फसवी होते. गाडीची नोंद कुठली तेही पाहा. जुन्या टॅरिफमध्ये मुंबई, पुणे, बंगळूर अशी आठ शहरे ‘अ’ विभागात आणि बेळगाव, चिक्कोडी, कोल्हापूर ‘ब’ विभागात होती. मुंबईच्या जुन्या क्रमांकावर विभाग ‘अ’ लागला असेल तर खुलासा मागा.

आधीची पॉलिसी संपली असेल तर कंपनी गाडी तपासून मगच पॅकेज देते. ९० दिवसांवर खंड पडला तर नो क्लेम बोनस जातो.

९. पॉलिसी हातात आली की तपासा

नाव, पत्ता, इंजिन व चासी क्रमांक, नोंदणी वर्ष, सीसी, आयडीव्ही आणि जोडलेल्या कलमांचे क्रमांक आरसीशी ताडून पाहा. इंग्रजी मजकूर अडला तर शाखेतल्या माणसाकडून समजून घ्या. चूक दिसली तर त्याच आठवड्यात लेखी दुरुस्ती मागा.

१०. नुकसान झाले तर

कंपनीला लगेच कळवा, जागेवरचे फोटो घ्या, चोरी असेल तर पोलिसांत फिर्याद द्या. सर्व्हेअर पाहीपर्यंत गाडी उघडू नका. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करू नका, ढकलून किंवा टोचन करून बाहेर काढा. पाणी असताना सेल्फ मारून बिघडलेले इंजिन हे मागाहूनचे नुकसान ठरते आणि ते नाकारले जाते. बदललेले मूळ भाग तपासणी होईपर्यंत जपून ठेवा.

निर्णय पटला नाही तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. फी नाही, आणि ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते. कर्नाटकासाठी लोकपाल बंगळुरात आहे. पण कंपनीची शाखा जिथे आहे किंवा तक्रारदार जिथे राहतो, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या लोकपालाकडे तक्रार नेता येते. निपाणीकराने कोल्हापूरच्या शाखेतून पॉलिसी घेतली असेल तर पुण्याचा लोकपालही त्याला खुला आहे.

आज कपाटातली पॉलिसी काढा आणि आयडीव्हीचा आकडा वाचा. तेवढ्या पैशात तुमची गाडी पुन्हा उभी राहणार नसेल, तर नूतनीकरणाच्या महिनाभर आधी बिले आणि फोटो घेऊन शाखेत जा, आणि योग्य किंमत पॉलिसीवर छापून आल्याशिवाय हप्ता भरू नका.