वाढते नगर : ठाणे

ठाणे हे अतिशय प्राचीन नगर आहे. शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत त्याचा उल्लेख ‘श्रीस्थानक’ या नावाने आढळतो. पश्चिमेस येऊरचे डोंगर, पूर्वेस खाडी आणि मध्ये ठिकठिकाणी तलाव, अशी या नगराची रचना आहे.

दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी भारतातील पहिली प्रवासी आगगाडी मुंबईच्या बोरीबंदराहून निघून ठाण्यास आली. पुढे ठाण्यात राहावे व नोकरीसाठी रोज मुंबईस जावे, असा अनेकांचा क्रम झाला आणि ठाणे मुंबईचे उपनगर बनले. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत उभारली. तेव्हा कामाच्या शोधात दूरदूरचे लोक येथे आले. १९८२ साली आसपासची गावे सामावून घेऊन महानगरपालिका स्थापन झाली. १९६१ साली सुमारे १ लाख असलेली ठाण्याची लोकसंख्या २०११ साली १८ लाखांहून अधिक झाली.

माणसे वाढली, परंतु डोंगर व खाडी यांच्यामधील भूमी तेवढीच राहिली. काही तलाव बुजले. स्वस्त घराच्या आशेने अनेक कुटुंबे परवानगीवाचून घाईने बांधलेल्या इमारतींत राहू लागली. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाटा येथे अशीच एक इमारत कोसळून ७० हून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्यांत लहान मुलेही होती.

अशा धोक्याच्या वस्त्यांसाठी ‘समूह पुनर्विकास’ हा उपाय योजण्यात आला आहे. यात एकेक इमारत स्वतंत्रपणे न बांधता सारी वस्तीच नव्याने वसवतात. त्यामुळे रुंद रस्ते, शाळा व मैदाने यांस जागा मिळते. २०२३ साली किसननगर येथे या कामाचा प्रारंभ झाला.

हे कार्य सोपे नाही. नवे घर पुरे होईपर्यंत कुटुंबांस अन्यत्र राहावे लागते; शेजार दुरावतो, मुलांची शाळा लांब पडते. म्हणून जे आज धोक्याच्या घरात राहतात, त्यांनाच वेळेवर पक्के घर मिळाले पाहिजे. नगराची खरी उन्नती इमारतींच्या उंचीवरून ठरत नाही; तेथील गरिबातील गरीब माणूस रात्री निर्धास्त झोपतो की नाही, यावरून ती ठरते.